टेबल गुण्यात नाही

गेल्या वर्षी मे महिन्यात जेवणाच्या टेबलावरचं पारदर्शक प्लॅस्टिक बदलायला काढलं, तर ते निघेना. खिडकीकडच्या बाजूला ते लाकडाला घट्ट चिकटून बसलं होतं. नखानं कड सोडवून हळूहळू ओढलं, तर त्याच्याबरोबर तळहाताएवढा पॉलिशचा पापुद्रा उठून आला. खाली फिकट, कोरडं लाकूड. मी तो पापुद्रा हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच खुर्चीत बसले होते.

हे टेबल माझ्या सासऱ्यांनी, आण्णांनी, १९७४ साली करून घेतलं. आमचं घर सांगलीत गावभागात. तेव्हा घरात सगळे पाटावर बसून जेवायचे. सासूबाईंचे गुडघे धरले, त्यांना उठबस होईना, म्हणून आण्णांनी दांडेलीचं सागवान आणवून मिरजेच्या सुताराकडून टेबल करून घेतलं. दोन अर्धे, दोन्हीकडं ओढले की सरकतात आणि मध्ये पंधरा इंचांची एक फळी बसते. एरवी सहा माणसं, सणावाराला आठ. मी लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या दिवशी पोळ्या लाटल्या त्या स्वयंपाकघरात, पण पहिल्यांदा निवांत बसून जेवले ती या टेबलापाशी, सासूबाईंच्या शेजारी.

प्लॅस्टिक घातलं होतं ते चांगल्यासाठीच. हळदीचे डाग पडू नयेत, गरम पातेल्याचे पांढरे चट्टे उठू नयेत. दुकानदारानं सांगितलं होतं, "जाड आहे, काही होत नाही." पण मऊ प्लॅस्टिक मऊ राहावं म्हणून त्यात जे तेलकट द्रव्य घातलेलं असतं, ते हळूहळू बाहेर येतं आणि चपड्याच्या पॉलिशमध्ये मुरून त्याला चिकट करतं. त्यात आमच्याकडचं एप्रिल-मेचं ऊन आणि खिडकी पश्चिमेची. हे मला मिरजेच्या पॉलिशवाल्या चाचांनी सांगितलं.

चाचांचं मूळ काम सतार-तंबोऱ्यांना पॉलिश करण्याचं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते या लोकांच्या हातांना मिळालं असं मी मानते. त्यांनी टेबलाच्या कोपऱ्यात स्पिरिटचा एक थेंब टाकला, बोटानं चोळलं, बोट चिकट झालं. "भाभी, हे चपडा आहे. आमच्या तंबोऱ्याला लावतो तेच. याला स्पिरिट चालत नाही, उष्णता चालत नाही, ओल कोंडलेली चालत नाही. पण दुरुस्त होतं. आजकालच्या पॉलिशला पापुद्रा गेला की सगळं खरवडावं लागतं, याला नाही." चपडा म्हणजे लाखेच्या किड्याची राळ, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. नवा हात दिला की स्पिरिट खालच्या थराला थोडं विरघळवतं आणि नवं-जुनं एकजीव होतं. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा घेऊन चाचा चार दिवस गोल गोल हात फिरवत होते. पावसाच्या आधी संपवायचं हा त्यांचा हट्ट होता, कारण दमट हवेत चपडा लावला तर तो पांढुरका पडतो. जाताना बजावून गेले, एक महिना यावर काही टाकायचं नाही. वरून वाळलेलं दिसलं तरी आतून कठीण व्हायला वेळ लागतो, नाहीतर कापडाचीसुद्धा वीण उमटते.

तो महिना आम्ही टेबलाजवळ खाली सतरंजीवर जेवलो.

पुढं काय घालायचं हा प्रश्न होताच. काच नको होती. काचेखाली पाण्याचा एक थेंब शिरला की तो बाहेर पडत नाही, आणि काचेवर ताट ठेवल्याचा आवाज मला सहन होत नाही. प्लॅस्टिकचं नाव काढायची सोय नव्हती. मुलीनं टेबलपॅडची कल्पना काढली. वर पुसता येणारं रेक्झीन, मध्ये दाबलेल्या फायबरचा कडक बोर्ड, खाली मऊ फेल्ट. सगळं मिळून जाडी तीन सूत; एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. टेबलाच्या मापानं तुकड्यांत करून देतात, घडी घालून ठेवता येते, वरून हवं तर टेबलक्लॉथ. पुण्यातले एक जण असे पॅड करतात असं कळलं. त्यांना फोन केला, तर त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "माप कोण घेणार?"

मी म्हटलं, मी घेईन, सहा फूट बाय सव्वातीन फूट आहे, त्यात काय घ्यायचं. ते म्हणाले, "मॅडम, असं माप घेऊन केलेले पॅड परत येतात."

तरी मी आधी माझ्याच पद्धतीनं घेतलं. शिलाई मशीनच्या खणातला कापडी टेप. लांबी आली साडेएकाहत्तर इंच. मला ठाऊक होतं बाहत्तर आहे, आण्णांच्या वहीत सुताराचा हिशेब अजून आहे, त्यात "६ फूट" लिहिलंय. कापडी टेप वर्षानुवर्षं ओढून ओढून लांबलेला होता. टेप लांबला की माप कमी भरतं. अर्धा इंच म्हणजे चार सूत. पॅड चार सूत आखूड आलं असतं, तर दोन्ही टोकांना लाकूड उघडं राहिलं असतं, आणि नेमकं तिथंच हात टेकतात, तिथंच आमटी सांडते.

मग ऑगस्टमध्ये, श्रावणात, मिस्त्रींना बोलावलं. हे मिस्त्री आमच्याकडं २०१९ च्या पुरानंतर दारं दुरुस्त करायला आले तेव्हापासूनचे. त्यांनी लोखंडी टेप, काटकोन तपासायचा गुण्या, दोन सरळ पट्ट्या आणि लाकडाचे दोन चौकोनी ठोकळे आणले. ठोकळे कशाला, असं मी विचारलं. त्यांनी टेबलाच्या कडेवरून बोट फिरवायला लावलं. कड अर्धगोल आहे. वरचा सपाट भाग जिथं संपतो तिथं टेबल संपत नाही; गोलाई आणखी सव्वादोन सूत बाहेर जाऊन मग खाली वळते. टेपची आकडी अशा कडेवरून घसरून खाली जाते आणि तिरकं माप येतं. म्हणून दोन्ही टोकांना कडेला ठोकळे उभे दाबून धरायचे. ठोकळा टेकतो तो सगळ्यात बाहेरच्या बिंदूला. मग टेप ठोकळ्यांच्या बाजूनं ताणायचा आणि एका ठोकळ्याच्या आतल्या अंगापासून दुसऱ्याच्या आतल्या अंगापर्यंत मोजायचं.

टेपचं तोंडही त्यांनी वापरलं नाही. आकडी हलत होती, मला वाटलं टेप बिघडलाय. तसं नसतं. आकडी मुद्दामच तिच्या स्वतःच्या जाडीएवढी मागंपुढं सरकती ठेवलेली असते, बाहेरून अडकवली काय किंवा आतून टेकवली काय, माप बरोबर यावं म्हणून. पण जुन्या टेपची आकडी वाकलेली असते, म्हणून मिस्त्री १० इंचांच्या खुणेपासून सुरुवात करतात आणि शेवटी १० वजा करतात. ते आकडा मोठ्यानं सांगायचे, मी वजा करून लिहायची, आणि लिहिलेलं मोठ्यानं परत वाचायची. एकदाही न चुकता हे परत वाचून दाखवायला लावायचे.

लांबी दोन्ही कडांना आणि मध्ये, तिन्हीकडं बाहत्तर. रुंदी खिडकीकडं ३९ इंच, मध्ये ३९, स्वयंपाकघराकडं ३८ इंच साडेसात सूत. इथं माझं काळीज हललं, कारण मे महिन्यात मुलानं याच लोखंडी टेपसारख्या टेपनं मध्ये रुंदी घेतली होती ती ३८ इंच साडेसहा सूत होती. दीड सूत फरक. मी मुलाला फोन लावायला निघाले. मिस्त्री म्हणाले, "त्याचं चुकलेलं न्हाई. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, पावसात पाणी पितं आन् फुगतं. पर फक्त आडवं. रेषा ज्या अंगानं जातात तिकडं ते वाढत न्हाई, म्हणून लांबी तेवढीच हाय बगा." खरंच, लांबी दोन्ही वेळेला बाहत्तरच होती. पन्नास वर्षांचं वाळलेलं सागवान दरवर्षी असं श्वास घेत होतं आणि मी रोज त्यावर ताटं मांडत होते, मला कळलं नव्हतं.

मग कर्ण. हे मी आयुष्यात केलं नव्हतं, आणि पॅड करून घेणाऱ्या प्रत्येकीनं हे करावं असं मला अगदी मनापासून वाटतं. चारही बाजू बरोबर आल्या म्हणजे टेबल काटकोनात आहे असं होत नाही; पत्त्याची डबी दाबली तर बाजू तेवढ्याच राहतात, पण ती कलते. दोन्ही कर्ण सारखे आले तरच आयत. आमच्या टेबलाचे कोपरे गोल, त्यामुळे कर्णाचं टोक धरायचं कुठं? मिस्त्रींनी कोपऱ्याच्या दोन्ही कडांना एकेक सरळ पट्टी लावली. पट्ट्या पुढं जाऊन जिथं भेटल्या तो खरा कोपरा, गोलाई नसती तर टेबल जिथं संपलं असतं तो. तिथून पलीकडच्या तशाच कोपऱ्यापर्यंत टेप.

एक कर्ण ८१ इंच सहा सूत. दुसरा ८२ इंच.

मिस्त्रींनी परत मोजला. तेच. ते खाली वाकले, टेबलाच्या मधोमध जिथं दोन अर्धे भेटतात तिथं कडेला अंगठा ठेवला आणि मला म्हणाले, "वहिनी, इथं हात लावा." मी अंगठा फिरवला. सांध्यावर बारीक पायरी होती. एक अर्धा दुसऱ्याच्या दोन सूत पुढं. पलीकडच्या कडेला तसाच दोन सूत मागं. "टेबल गुण्यात न्हाई."

२०१९ मध्ये ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पाणी वाढायला लागलं तेव्हा आम्ही सगळे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची पातळी किती झाली याकडं कान लावून होतो. ४५ फूट म्हणजे धोक्याची पातळी. २००५ चं पाणी पाहिलेलं होतं, तेवढंच येईल म्हणून त्या हिशेबानं सामान वर नेलं. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. टेबल जिन्यातून वर जाईना, म्हणून यांनी आणि मुलानं स्क्रू काढून वरचे दोन्ही अर्धे आणि मधली फळी माडीवर नेली. चौकट आणि पाय खालीच राहिले. पाणी ओसरल्यावर परत आलो तेव्हा चौकटीवर बोटभर गाळ होता. धुतली, सावलीत महिनाभर वाळवली, अर्धे परत बसवले. सरकायला थोडं जड जातंय एवढंच लक्षात आलं. ज्या लाकडी पट्ट्यांवर अर्धे सरकतात त्यातली एक पाण्यात वाकली होती. त्या दोन सुतांवरून पाच-सहा वर्षं रोज फडकं फिरवलं, पण अंगठा कधी तिथं थांबला नाही.

मिस्त्री म्हणाले, पट्टी काढून नवी घालू, किंवा हीच रंधून सरळ करू. पण रंधली तर बसण ढिली होईल, आणि एवढं जुनं काम उघडलं की एकात एक निघत जातं. मी एक रात्र मागितली. सकाळी ठरवलं, टेबल आहे तसं राहू दे, पॅडच त्याच्यासारखं होऊ दे. पुण्याला फोन करून विचारलं. ते म्हणाले, "होईल. पण मग आकडे पुरणार नाहीत, कागद पाठवा."

हरभट रोडवरच्या दुकानातून वह्यांना घालतात तो खाकी कागद आणला, जाड बघून. वर्तमानपत्र घेऊ नये, ते ओढलं की वाढतं आणि फाटतं. कागदाच्या पट्ट्या चिकटपट्टीनं जोडून टेबलापेक्षा चार बोटं मोठा केला, वर उलथन्यापासून खलबत्त्यापर्यंत जड वस्तू ठेवल्या, आणि कागद सरकू न देता कडेवरून खाली वळवून पेन्सिलचं शिसं आडवं धरून घासत गेले. जिथं कड सगळ्यात बाहेर येते तिथं काळी रेघ उमटते. लहानपणी नाण्यावर कागद ठेवून पेन्सिल घासायचो, तसंच. कोपऱ्यांची गोलाई अशी आपोआप कागदावर येते. चारही कोपरे वेगळे निघाले. खिडकीकडचा डावा कोपरा बाकीच्यांपेक्षा जास्त झिजलेला, कारण आण्णा तिथं बसायचे आणि बोलताना हात त्या कोपऱ्यावर फिरत असायचा. रेघ त्या जागी थोडी आत वळली होती.

मधली फळी बसवून पुन्हा सगळं केलं. फळी वेगळी मोजून बेरीज करू नये: ७२ आणि १५ म्हणजे ८७ व्हायला हवेत, फळी घातल्यावर टेबल ८७ इंच एक सूत भरलं. सांध्यांमध्ये तेवढी फट राहते.

एक चूक माझ्याकडून झाली, ती सांगायला हवी. कागद गुंडाळून कुरिअर केला, त्यावर खिडकी कुठं, स्वयंपाकघर कुठं, सगळं लिहिलं, पण "वरची बाजू" लिहायचं राहिलं. चार दिवसांनी पुण्याहून फोन. कागद उलटा धरला तरी आकार जवळपास तसाच दिसतो, पण आमच्या टेबलाची पायरी मग विरुद्ध बाजूला जाते. दोन सूत दुरुस्त व्हायच्या ऐवजी चार सूत चुकले असते. मी लिहिलेली अक्षरं सरळ वाचता येतात तीच वरची बाजू, असं सांगितल्यावर त्यांनी ते माझ्याकडून लिहून घेतलं. आणखी एक त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, ते मी पाळलं: आपल्या मनानं एक सूतही कमी-जास्त करायचा नाही. मापात सैलपणा किती ठेवायचा ते करणारा ठरवतो. दोघांनीही सैलपणा धरला तर दुप्पट होतो. मे आणि ऑगस्ट, दोन्ही रुंद्या त्यांना कळवल्या. त्यांनी मधली, ३८ इंच सात सूत, धरली. उन्हाळ्यात पॅड जरासं बाहेर, पावसाळ्यात लाकडाची बारीक रेघ उघडी, दोन्ही डोळ्यांना न जाणवण्याएवढं.

पॅड दिवाळीच्या आधी आले. दोन अर्ध्यांचे दोन, मधोमध घडी होणारे, आणि फळीचा एक. आतल्या चुंबकांनी एकमेकांना धरतात. यांनी एक टोक धरलं, मी एक. पहिला अर्धा बसला. दुसरा जवळ नेला तसा तो शेवटच्या अर्ध्या इंचात आपसूक ओढला जाऊन टक्कन लागला. मी कडेला वाकून पाहिलं. सांध्यावर पॅडलाही तीच दोन सुतांची पायरी होती, खालच्या लाकडाच्या बरोबर वर. अंगठा फिरवला तर लाकूड आणि रेक्झीन एकाच वेळी वळत होतं.

आता रोजचं असं: गरम पातेलं अजूनही आडणीवरच ठेवते, पॅड ऊब अडवतं, चुलीवरून उतरलेला कुकर नाही. पाणी सांडलं की लगेच पुसते, सांध्यातून खाली गेलं असं वाटलं तर तेवढा तुकडा उचलून फेल्ट वाळू देते. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा सगळे पॅड काढून टेबल तासभर उघडं ठेवते. फळीचा पॅड सुती पिशवीत घालून कपाटावर आडवा ठेवलाय, उभा ठेवला तर वाकतो.

चाचा भाऊबीजेनंतर आले होते. चहा झाल्यावर त्यांनी काही न विचारता पॅडचा एक कोपरा उचलला, ज्या जागी पापुद्रा गेला होता तिथं तळहात ठेवला, मग उलटा हात फिरवला. वीण उमटली नव्हती.

पुण्याहून कागद परत मागवून घेतला. तो गुंडाळून माडीवरच्या कपाटात, आण्णांच्या हिशेबाच्या वहीशेजारी ठेवलाय. यंदाच्या मे महिन्यात पॅड काढून ठोकळे लावून पुन्हा रुंदी घेतली. ३८ इंच साडेसहा सूत. कागदाच्या कोपऱ्यात तारीख घालून ती लिहून ठेवली.